फ्रिजची काच, बूट पॉलिश आणि सहा उजवे हात

पत्रकं छापणाऱ्या माणसाची श्रद्धा एकाच गोष्टीवर असते. हजार प्रती, सगळ्या सारख्या. मी सतराव्या वर्षापासून तेच करत आले. छत्तीसगढातल्या आमच्या खुर्सीपारच्या गल्ल्यांतून पाण्याचं पत्रक वाटलं, तुंबलेल्या नालीचं वाटलं, ठेकेदारांच्या मनमानीचं तर इतक्यांदा वाटलं की चहावाले मला बघूनच म्हणायचे, "रख दो दीदी, समोसा बांधने के काम आएगा." त्यामुळे ज्या छपाईत एका वेळी एकच प्रत निघते आणि तशी दुसरी पुन्हा कधीच निघत नाही, ती रिकामटेकड्यांची करमणूक, असं माझं स्पष्ट मत होतं. कोणी न विचारता ते मी सांगतही असे.

मग मी स्टुलावरून पडले.

चौकातल्या भिंतीवर पोस्टर चिकटवत होते. एका हातात खळीची बादली, दुसऱ्या हातात ब्रश आणि पायाखाली चहाच्या ठेल्यावरून आणलेलं स्टूल, ज्याचा एक पाय आधीच लंगडा होता. आता माझाही झाला. घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे घरात. आईने मला दिवाणावर बसवलं, पायाखाली उशी दिली आणि म्हणाली, "बस आता. क्रांती तुह्याबिगर होईन."

आमच्या घरात मराठी उंबऱ्याच्या आतच असते. आजोबा भंडाऱ्याकडची शेती सोडून इथे प्लांटात, म्हणजे पोलाद कारखान्यात लागले, बाबाही प्लांटातच, रोलिंग मिलमध्ये. दाराबाहेर पाऊल ठेवलं की हिंदी. मी पत्रकं हिंदीत लिहिते, भांडण हिंदीत करते. आईच्या शिव्या मात्र मराठीत खाते. त्या सहा आठवड्यांत माझी मराठी फार सुधारली.

पडल्या पडल्या फोन बघायचा, दुसरं करणार काय? त्यात एक बाई एका गुळगुळीत पाटीवर रंग पसरवत होती. रंगावर पानं ठेवायची, वरून कागद दाबायचा, हाताने घासायचा आणि उचलायचा. कागदावर पानाची शीर न् शीर. ही म्हणे घरच्या घरी करायची छपाई, साध्या सामानात. मग तिने सामानाची यादी वाचून दाखवली: खास रोलर, खास शाई, जेलची पाटी, कापसाचा जाड कागद. माझं डोकंच फिरलं. साधं सामान म्हणे! कोणाच्या घरचं साधं? आमच्या गल्लीत कोणाच्या घरी जेलची पाटी आहे, दाखवा.

म्हटलं, करूनच दाखवते. कुठल्याही चळवळीची सुरुवात अशीच होते, कोणाचा तरी राग येऊन.

जेलच्या पाटीऐवजी काच हवी होती. खिडकीची काढता येत नव्हती. फ्रिजमध्ये भाजीच्या टोपल्यावर एक काच असते, तिच्याकडे आजवर माझं लक्षच गेलं नव्हतं. अशी सपाट, गुळगुळीत, कडा घासलेल्या. तीच काढली. रोलरऐवजी जुन्या गादीतल्या फोमचा तुकडा. रंग पोस्टरचे होतेच. आणि कागदाची तर माझ्याकडे श्रीमंती. दिवाणाखाली उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा पडलेला, मागची बाजू कोरी.

पहिला छाप आलाच नाही. एप्रिलचा शेवट, कूलर गरम हवा फेकतोय. रंग पसरवून पान ठेवेपर्यंत काच कोरडी ठक्क. पाणी वाढवलं तर रंग पळून चादरीवर. तेल घातलं तर फाटलेल्या दुधासारखा. तीन दिवस मी हेच करत होते आणि आई भाजीच्या टोपल्यावर परात ठेवून फ्रिज चालवत होती. परात मोठी, दार लागेना.

"अव बाप्पा, दूध नासलं नं माह्यं! दे माही काच!"

"आई, दोन दिवस."

"दोन दिवस कावून? फ्रिजात का तुह्ये पत्रकं ठेवू?"

शेवटी कामी आली ती बाबांची बूट पॉलिश. प्लांटातल्या माणसाच्या घरी काळ्या पॉलिशची डबी असतेच, सेफ्टी शूजसाठी. उन्हाने ती आपणहून मऊ झालेली. त्यात दोन थेंब खायचं तेल घालून फोमने काचेवर टिपटिप लावली. वाळायचं नावच नाही. वर कढीपत्त्याची डहाळी, वर कागद, आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासलं. कागद उचलला. काळ्याभोर रात्रीसारख्या कागदावर कढीपत्ता पांढरा उभा.

मी ओरडले. आई पळत आली, तिला वाटलं पुन्हा पडले.

त्यानंतर मला वेडच लागलं. कंगवा छापला. कारल्याची चकती छापली. बाबांच्या बनियनची जाळी छापली. तेच पान, तीच काच, तोच हात, तरी प्रत्येक छाप निराळा. एकात देठ तुटलेला, एकात माझ्याच बांगडीचा अर्धा गोल आलेला. छापखान्यात असं झालं असतं तर मी सगळा गठ्ठा परत केला असता. इथे मात्र मी एकेक कागद कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावून बघत बसायचे. आनंद होत होता, आणि त्याची लाजही वाटत होती. गल्लीतल्या नळाला पाणी नाही आणि ही बाई कारलं छापते! पण आनंद होतच राहिला.

बाबा ड्युटीवर निघताना डबी उघडून बघायचे. "अर्धी संपवली पोट्टीनं. आता जोडे का कढीपत्त्यानं घासू?"

भिंतीला भिंत लागून आमच्या शेजारी काकू राहतात. गोंदियाकडच्या. रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागलेल्या. भट्टीच्या विटा उचलायच्या, चुन्याची पोती सरकवायची. सकाळी सहाच्या ऑटोने जातात, संध्याकाळी येतात. त्या दिवशी सकाळी साडेनऊलाच डबा तसाच भरलेला घेऊन आमच्या दारात.

"का झालं काकू, सुट्टी?"

"सुट्टी नाई वो. मशीननं घेतलं नाई."

दोन महिन्यांपूर्वी कारखान्याच्या गेटवर हजेरीचं रजिस्टर बंद करून मशीन बसवली होती. अंगठा ठेवायचा. ओळखलं तर हिरवा दिवा. नाही ओळखलं तर लाल दिवा आणि आतली बाई गोड आवाजात म्हणते, कृपया पुनः प्रयास करें. काकू रोज प्रयास करत होत्या. कधी पाचव्यांदा दिवा लागायचा, कधी लागायचाच नाही. लागला नाही की मुन्शी, म्हणजे ठेकेदाराचा हजेरी लिहिणारा माणूस, म्हणायचा, "मशीन में नहीं चढ़ी, मतलब आई ही नहीं." आणि परत पाठवायचा.

"चार वर्सं झाली मी तिथं जाऊन राहिली," काकू उंबऱ्यावर बसत म्हणाल्या. "गेटवरचे कुत्रे ओळखते. मशीन नाई ओळखत."

खरी भीती पुढे होती. महिनाअखेर गेटपास बदलायचे होते, आणि मशीनमध्ये ज्यांची हजेरी कमी त्यांना नवा पास नाही, असं मुन्शीने सांगून ठेवलं होतं. पास नाही तर गेटच्या आत पाय नाही. चार वर्षांचं काम एका लाल दिव्यावर लटकलेलं.

मी सुरू झाले. हे बेकायदेशीर आहे, हे अमानुष आहे, मशीन हटवा, धरणं द्या, निवेदन मी लिहिते, दोन पानी. काकूंनी माझं ऐकलं नाही. त्या दोरीवरचं कारलं बघत होत्या.

"हे का करून राहिली तू?"

मी जरा ओशाळून दाखवलं. काचेवर पॉलिशचा थर होताच. काकूंनी अंगठा पुढे केला, आणि तो काचेवर ठेवायच्या आधी सवयीने आपल्या भांगातून फिरवला. केसांतल्या तेलाने अंगठा ओला केला की मशीन कधीकधी घेते, हे गेटवरच्या सगळ्या बायांना माहीत. मग अंगठा दाबला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि दिवा लागायची वाट बघितल्यासारख्या थांबल्या. मलाच कसंतरी झालं.

अंगठ्याला पॉलिश लागलेली. मी एक कागद पुढे केला, त्यावर टेकवायला सांगितला. लंबगोल काळा ठिपका उमटला, आत दोन आडव्या भेगा. बस. रेषा नाहीत. विटांनी आणि चुन्याने चार वर्षांत घासून नेलेल्या. मी शेजारी माझा अंगठा उमटवला. वळणं, वेटोळी, मध्ये भोवरा.

काकूंनी दोन्ही बघितलं. "तुह्या अंगठ्यावर तं रांगोळी हाय वो. माह्यावर नुस्तं सारवण."

माझा अंगठा. पत्रकं वाटण्यापलीकडे ज्याने काही उचललं नाही, तो. मी तो पाठीमागे नेला.

डोक्यात आलं ते लगेच बोलले. अशा जितक्या बाया आहेत तितक्यांचे हात छापू. मुन्शीला दाखवू. आणि मग मशीनच काढायला लावू, सगळ्या रसमड्यातून, सगळ्या...

"थांब," काकू म्हणाल्या. "तुले मशीन काढाची हाय. मले हाजरी पायजे."

आम्ही हात छापायचं ठरवलं. मशीनचं नंतर बघू, असं मी मनात ठरवलं.

रविवारी दुपारी काकूंसह सहा जणी आल्या. दोघी मराठी, बाकीच्या छत्तीसगढी. सगळ्यांत मोठीला सगळ्या दाई, म्हणजे आई म्हणत. आईने आधी नाक मुरडलं आणि मग सगळ्यांना चहा ठेवला. मी प्लास्टरचा पाय पसरून मध्ये बसले, काच मांडीवर, आणि एखाद्या सभेत बोलावं तसं समजावून सांगितलं: काचेवर पॉलिश, त्यावर उजवा हात दाबायचा, हात उचलला की त्या जागची पॉलिश हाताबरोबर निघून येते, मग वर कागद ठेवून घासायचं. झालं.

आणि छाप काय सुंदर आले! काळ्यावर पांढरे पंजे, तळव्याच्या रेषांसकट, सहाच्या सहा. दोरीवर लावले तर खोली भरून गेली. मी कढीपत्ता, कारलं सगळं विसरले. म्हटलं, हे बघून दगडालाही पाझर फुटेल.

दाई दोरीजवळ गेली, आपला कागद शोधला, आपला हात त्याच्यावर ठेवून बघितला. अंगठा एकीकडे, छापातला अंगठा दुसरीकडे.

"ए तो डेरी हाथ आय!" ती म्हणाली. हा तर डावा हात. "मैं तो जेवनी हाथ दे हंव!" मी तर उजवा दिला.

बाकीच्यांनी आपापले बघितले. सहाही उजवे हात, सहाही डावे उमटलेले. काचेवरून कागदावर येताना सगळं उलटं होतं. हे मला माहीत असायला हवं होतं. सात वर्षं छापखान्याच्या दारात घालवली मी. पण आजवर जे छापलं ते छापखानेवाल्याने उलटंसुलटं करून दिलेलं. मी फक्त गठ्ठा उचलला होता. आणि पानाला कुठे डावं-उजवं असतं?

"चालतं नं," मी म्हटलं. "हात तो हात."

"नाई चालत," काकू.

इथे एक सांगायला हवं. या बायांना हाताचा छाप नवा नाही. दिवाळीला छत्तीसगढी घरांत भिंतीवर, धान्याच्या कोठीवर तांदळाच्या पिठाचा हाथा देतात. आमच्याकडे लग्नघरी दारावर हळदीचे पंजे उमटवतात. छापलेला हात म्हणजे शुभ, आणि तो उजवाच असतो. डाव्या हाताची कामं कुठली असतात ते सगळ्यांना माहीत.

"डाव्या हाताचा कागद नेऊन त्याच्या टेबलावर ठेवू?" काकू म्हणाल्या. "शिवी देल्यासारखं होते ते."

मी म्हटलं, शिवीच द्यायला पाहिजे त्याला. मग म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. मग म्हटलं, डावा काय, उजवा काय, शोषण दोन्ही हातांचं होतं. यातलं शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.

"मंग तू आज आमच्यासमोर डाव्या हातानं जेवजो," काकू म्हणाल्या. "वाढ वो हिले."

स्वयंपाकघरातून आई जोरात हसली. माझीच आई.

मी चिडून तोंड फिरवलं. तेव्हा काकू जवळ येऊन बसल्या आणि समजुतीने म्हणाल्या, "अवो, मशीनमंदी उजवा अंगठा भरला हाय. मुन्शी म्हणन, डावा दाखवून मले बनवून राहिल्या. लगेच हाकलन."

दाईला देवाच्या कारणाने पटत नव्हतं, काकूंना मुन्शीच्या कारणाने, आणि दोघी बरोबर होत्या. ते सहा सुंदर कागद मी दोरीवरून काढले. मनाला फार लागलं. पत्रक चुकलं तर पुन्हा छापता येतं, हे नाही.

मग काच बाजूला ठेवून सरळ हाताला पॉलिश लावली. पहिले दोन छाप नुसते डांबर. तिसऱ्यापासून जमलं. फोम आधी रद्दीवर टिपून जवळजवळ कोरडा करायचा, मग तळव्यावर हलकेच. कागदाखाली गोधडीची घडी, म्हणजे तळव्याचा खळगाही टेकतो. आधी पंजा, आणि खाली कोपऱ्यात अंगठा वेगळा, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लोळवून. हा काळ्यावर पांढरा नव्हता, पांढऱ्यावर काळा होता. दिसायला साधा. पण त्यात सगळं दिसत होतं. तळव्यावर रेषांचं जाळं, बोटांच्या पेरांवर घट्टे, आणि जिथे अंगठ्याची रांगोळी हवी तिथे सपाट. दाईच्या तर चारही बोटांची टोकं सपाट होती. ती कागदाकडे बघून म्हणाली, "अतेक घिसा गे?" इतकं झिजलं?

मग कोणीतरी विचारलं, ही पॉलिश निघणार कशी? साबणाने निघेना. तेल चोळलं, बेसन चोळलं, आईने पितळेची भांडी घासायची चिंच आणून दिली. सहा जणी मोरीपाशी हात चोळतायत आणि त्यातली एक म्हणते, "कल मशीन में अंगूठा रखेंगे तो मशीन ही काली हो जाएगी, फिर वो भी किसी को नहीं पहचानेगी." त्यावर सगळ्या इतक्या हसल्या की दाईला उचकी लागली.

सोमवारी बाबांची दुसरी पाळी होती. मी रडून, भांडून त्यांना स्कूटर काढायला लावली आणि सकाळीच रसमड्याला पोचले, प्लास्टरचा पाय बाहेर काढून. गेटसमोर चहाचा ठेला आहे, त्याच्या बाकावर बाबांनी मला बसवलं. दोन पानी निवेदन माझ्या पिशवीत होतं. काकू जवळून जाताना म्हणाल्या, "तू इथंच बसजो. बोलू नको."

मुन्शीची खिडकी बाकापासून वीस पावलांवर. मशीनने सहाही जणींना नाकारलं. मग काकूंनी खिडकीत कागद ठेवले.

"ये क्या है? मेंहदी का डिज़ाइन?"

"हाथ है भैया. हमारे. देख लो."

तो बघू लागला. एकेक कागद वर करून, उजेडाकडे धरून. आणि उजेडाकडे धरल्यामुळे त्याला मागचं दिसलं. त्याने कागद उलटा केला.

मागच्या बाजूला माझं दोन वर्षांपूर्वीचं पत्रक होतं. लाल अक्षरात, जाड ठशात: ठेकेदारों की मनमानी नहीं चलेगी. खाली त्याहून तिखट चार ओळी, ज्यांचा मला अभिमान होता. कोऱ्या कागदाची श्रीमंती! सहा बायांची नोकरी मी असल्या कागदावर छापून ठेकेदाराच्या खिडकीत पाठवली होती.

"ये किसने दिया?" मुन्शीचा आवाज बदलला. "यूनियन में हो क्या तुम लोग? साहब को दिखाऊँ ये?"

मुन्शीची नजर फिरत फिरत बाकाकडे आली. मी एका पायावर उभी राहिले होते. असल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही असं आजवर झालेलं नाही. हो म्हणायचं, छातीवर हात मारून म्हणायचं, हेच मी शिकले होते. बाबांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. "बस."

"रद्दी है भैया," काकू म्हणाल्या. आवाज अगदी थंड. "कोरा कागद हमको कौन देगा? पड़ोसी के घर पलंग के नीचे गट्ठा पड़ा था. कोई लेता ही नहीं. हम उठा लाए."

कोई लेता ही नहीं.

"और वो लड़की कौन है?"

"वही पड़ोसी की बेटी. टाँग टूटी है उसकी. स्टूल से गिर गई थी."

दाई फिसकन हसली. मग दुसरी. हसू खरंच आलं होतं त्यांना, कालपासून साठलेलं. मुन्शीलाही हसू आलं. "स्टूल से?" त्याने माझ्या प्लास्टरकडे बघितलं. मी खाली बसले. चहावाल्याने ग्लास हातात दिला होता, तो मी तोंडाला लावला आणि तोंड बंद ठेवलं. मोर्च्यात लाठीसमोर उभं राहणं मला यापेक्षा सोपं गेलं असतं, असं त्या क्षणी वाटलं. पण सहा पास होते मध्ये.

काकूंनी पदराच्या गाठीतून कुंकवाची छोटी डबी काढली. त्यात कुंकू नव्हतं, बाबांची पॉलिश होती. मला हे काही सांगितलं नव्हतं त्यांनी. "भैया, आप अपना अंगूठा लगा के देखो."

काय वाटलं कोण जाणे, मुन्शीने लावला. काकूंच्याच कागदाच्या कडेला, काकूंच्या अंगठ्याशेजारी. उचलून बघितलं. मग पुन्हा बघितलं. आपला अंगठा तर्जनीवर घासत राहिला बराच वेळ.

"तो पहले बोलना था न," तो म्हणाला.

"रोज तो बोल रहे थे!" सहाही जणी एकदम. ठेल्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

त्याने फोन लावला, आत जाऊन बोलला, परत आला. टेबलाखालून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली. ज्यांचा अंगठा मशीन घेत नाही त्यांची हजेरी यात. पण रोज खिडकीशी येऊन, तोंड दाखवून. "और पिछले दिन?" हे काकूंनी विचारलं, मी नाही. तो म्हणाला, देखते हैं. तेवढ्यात भोंगा झाला आणि सहा जणी गेटमधून आत गेल्या, माझ्याकडे न बघता.

कागद मुन्शीने ठेवून घेतले. मी संध्याकाळपर्यंत तणतणत होते: पोच घेतली नाही, नक्कल नाही, एकुलते एक छाप! अशी कुठे मागणी लावून धरतात? मशीन तर तशीच उभी! बाबा जेवता जेवता म्हणाले, "अव, हाजरी लागली नं?" लागली होती. पुढे महिनाअखेर पासही बदलून मिळाले, सहाही जणींना. मागच्या दिवसांचं अजून देखते हैं चालू आहे, आणि मशीनविरुद्ध मी पत्रक काढलं आहे, हजार प्रती, ते थांबणार नाही. छाप मात्र आता कोऱ्या कागदावरच काढते.

त्या सोमवारी पासचं अजून काही ठरलेलं नव्हतं. संध्याकाळी काकू आल्या, डबा रिकामा. उंबऱ्यावर बसल्या, पायातली चप्पल काढली. मी विचारलं, काय झालं नंतर, मुन्शी काही बोलला का, कागद साहेबाला दाखवले का, मागचं त्याने वाचलं का.

"काई नाई वो," त्या म्हणाल्या. "रजिस्टर उघडलं नं माह्याकडं पाह्यलं. म्हणे, नाम क्या है तुम्हारा? चार वर्सांत पह्यल्यांदा इचारलं त्यानं."

"मग?"

"मंग का? सांगतलं. त्यानं लिवलं. मी आत गेली."